सूचना : ब्रिटिश मोटारींसाठी व्हिटवर्थ पाने

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, एमजी टीसी, टीडी यांसारख्या जुन्या ब्रिटिश मोटारींचे बोल्ट खोलताना मिलिमीटरचे पाने वापरू नयेत. या गाड्यांच्या बोल्टची डोकी मुख्यतः व्हिटवर्थ मापाची, म्हणजे इंचावर आधारित जुन्या ब्रिटिश पद्धतीची असतात आणि पान्यावर कोरलेला आकडा डोक्याची रुंदी नव्हे, तर बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. त्यामुळे १/४ (पाव इंच) व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटरचा असतो, तिथे १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल राहून कोपरे झिजवतो. मूळ डोके एकदा गोल झाले की ते गेलेच, म्हणून ही कळकळीची विनंती. १/४ व्हिटवर्थचा हाच पाना ५/१६ इंची बीएसएफ (बारीक आट्यांच्या ब्रिटिश मानकाच्या) बोल्टलाही चालतो.

टी-मालिकेतील (टीसी, टीडी इत्यादी) गाड्यांच्या एक्सपीएजी इंजिनाबाबत विशेष दक्षता घ्यावी. त्याच्या बोल्टची डोकी व्हिटवर्थ असली, तरी आटे मेट्रिक आहेत, आणि तेही ८ मिलिमीटरच्या बोल्टला नेहमीच्या १.२५ ऐवजी १ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधील अंतर). नवा बोल्ट हाताने सहज फिरत नसेल, तर जोर न लावता आधी पिच गेजने (पिच मोजण्याच्या दातेरी पट्ट्यांनी) आटे तपासावेत.

ज्यांच्याकडे व्हिटवर्थ संच आहेत, त्यांनी उपलब्ध मापे समितीस कळवावीत.