आईच्या रात्रींबद्दल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारपासून रात्री तू आईजवळ झोपणार आहेस. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितो.

आईला डायबेटिस नाही, मग साखर का उतरते, असं तू विचारलंस. कारण यकृतातली ती गाठच आहे. काही गाठी आयजीएफ-२ नावाचं द्रव्य रक्तात सोडतात आणि ते इन्सुलिनसारखं वागतं. स्नायू साखर ओढून घेतात, शिवाय उपाशीपोटी यकृत जी साखर सोडतं, तीही थांबते. म्हणूनच रिपोर्टमध्ये इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक) दोन्ही कमी, तरी साखर ४२ आली. गाठीमुळे साखर उतरते हे डोगे आणि पॉटर या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० सालीच नोंदवलं होतं. आजार दुर्मीळ आहे, पण अनोळखी नाही.

सांभाळायची ती पहाट. रात्रभर पोटात काही नसतं. आई चिडली, तुझा हात झटकला, तुला भलत्याच नावाने हाक मारली, तर मनाला लावून घेऊ नकोस आणि 'आता शेवट आला' असंही समजू नकोस. आधी बोटाला सुई टोचून साखर बघ. घाम फुटायची वाट बघू नकोस. साखर वारंवार उतरली की घाम, थरथर या खुणा हळूहळू बोथट होतात.

७० च्या खाली असेल आणि ती नीट गिळत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून दे. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. वाढली नसेल तर पुन्हा दे, वाढली की थोडं खायला घाल. गुंगीत असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, साखरेचा दाणासुद्धा नाही. कुशीवर वळव, १०८ ला फोन कर आणि मला उठव.

झोपताना गार दुधात कच्चं कॉर्नफ्लोअर द्यायचं, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. ते शिजवू नकोस. कच्चं हळूहळू पचतं, म्हणून जास्त वेळ पुरतं.

भेटायला येणारे सांगतील, साखरेने कॅन्सर वाढतो, बंद करा. ऐकू नकोस. तिच्या हातातला ग्लुकोजचा पेला कुणीही काढून घ्यायचा नाही, अगदी आत्यानेसुद्धा.

स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर मी देतो. ती तू देऊ नकोस, चुकून दोनदा जायची.

तुझे,
बाबा