ताडपत्रीवाल्या दोघांचे आभार

गोव्यात डिचोलीत घरामागच्या जुन्या गॅरेजची सुतारकामाची खोली करतोय. वाळवीने पोखरलेले वासे बदलायला कौलं उतरवली आणि (जूनमध्ये कौलं उतरवणारा शहाणा मीच!) दुपारीच आभाळ फुटलं. आत नवी कटर मशीन, सागवानी फळ्या. मी नुसता धावतोय.

नारळांचा टेम्पो रस्त्यावर थांबला. दोघे उतरले. वयस्काने आधी मला मेन स्विच बंद करायला लावला, मग स्वतःच्या मालावरची ताडपत्री काढून वाश्यांवर ओढली, कडा चिऱ्यांनी दाबल्या. धाकट्याने शर्ट काढून मशीनची मोटर पुसली. नारळ भिजत होते. "ते झाडारूय भिजतात" (झाडावरही भिजतातच), म्हणाला.

चहालाही थांबले नाहीत. ताडपत्री धुऊन ठेवलीय, घेऊन जा. देव बरें करूं!