पक्ष्यांच्या वजनकाट्यातील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पक्ष्यांसाठी विकलेला, पक्षी बसायला दांडी लावलेला डिजिटल वजनकाटा चुकीचे वजन दाखवत असल्याबाबत.

महोदय,

आमच्या घरी चिकू नावाचा कॉकाटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट आहे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या या पक्ष्यांच्या अंगावर चरबी चढते, यकृत बिघडते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला हळूहळू पेलेटवर, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या गोळीखाद्यावर आणत होतो. हा बदल नाजूक असतो. पक्षी पेलेटला खाणे म्हणून ओळखतच नाही, वाटी भरलेली दिसते आणि तो उपाशी राहतो. पिसांमुळे रोडावलेलेही कळत नाही. त्यामुळे रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि खाणे देण्याआधी वजन करायचे, आणि ते दहा टक्क्यांनी उतरले तर ताबडतोब जुन्या खाण्यावर यायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यासाठीच आपला काटा घेतला. खोक्यावर ‘१ ग्रॅम अचूकता’ असे ठळक छापले आहे.

सुरुवातीला चिकू दांडीच्या मधोमध बसायचा आणि काटा ९१ ग्रॅम दाखवायचा. पुढे सवय झाली तसा तो टोकाला, माझ्या हाताजवळ सरकून बसू लागला. आकडा ८८ च्या आसपास, म्हणजे काळजीचे काही नाही असे आम्ही समजत होतो. पण तो दिवसाही पिसे फुलवून झोपू लागला. छातीवरून बोट फिरवले तर मधले हाड धारेसारखे लागले. तसेच दवाखाना गाठला. तिथल्या काट्यावर वजन भरले ७९ ग्रॅम! एवढ्याशा जिवाचे बारा ग्रॅम गेले होते आणि आपला काटा तीनच सांगत होता.

दोष कुठे आहे तेही शोधले. गुजरीतल्या एका सराफांकडे शिक्का मारलेले १०० ग्रॅमचे वजन आपल्या काट्यावर ठेवून पाहिले. ताटलीच्या मधोमध बरोबर १००. तेच वजन दांडीच्या टोकाला टांगले तर १११. सराफांनी वजन दोनदा बदलून पाहिले, फरक तोच. दांडी ताटलीबाहेर इतकी पुढे आली आहे की भार एका बाजूला पडतो आणि आकडा फुगतो. पक्षी टोकाला बसणारच. मग आपण हा काटा दांडी लावून कधी तपासला तरी का? आपल्या हेल्पलाइनवर हे सगळे सांगितले, तर उत्तर मिळाले, ‘सेल बदलून बघा.’ हे उत्तर संतापजनक आहे.

चिकू पुन्हा जुन्या खाण्यावर आला आहे आणि भरतो आहे. पण हाच काटा इतरही घरांत आहे. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. त्यात नऊ ते अकरा ग्रॅमची चूक म्हणजे जिवाशी खेळ आहे.

काट्याची पूर्ण रक्कम आणि दवाखान्याचा खर्च मला परत मिळावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा काटा घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला ‘दांडी वापरू नका’ असे आपण आजच कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत विक्री थांबवावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, दवाखान्याचे कागद, दोन्ही वजनांचे फोटो.