टर्बो गेलेला नव्हता, मेस्त्री!

आदरणीय मेस्त्री,

स. न. वि. वि.

लांबलचक लिहिलेलं आपण वाचत नाही, हे तुम्ही मला त्या दिवशीच सांगितलंत. तेव्हा हे पत्र तुमच्या मुलाने चहाच्या वेळी वाचून दाखवावं. सगळ्यांदेखत लिहितेय ते अशासाठी, की दोन महिने घाटात माझ्या गाडीच्या मागे अडकून ज्यांनी ज्यांनी हॉर्न वाजवले, त्यांनाही काय झालं होतं ते कळू दे.

मी राहते पाचगणीला, शाळा वाईत. म्हणजे पसरणी घाट रोज खाली आणि रोज वर. उतरताना दुखणं कळायचंच नाही. वर येताना मात्र, त्यातून शाळेतल्या दोघी बाई बरोबर असल्या की, तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं कण्हायचं, मागे काळा धूर, मग मीटरमध्ये पिवळा दिवा आणि गाडीची बैलगाडी. बाजूला घेऊन बंद करायची, पुन्हा चालू करायची, की चार वळणं बरी जायची. "आमची वजनं काढू नका हं," म्हणत त्या दोघी शेवटी एसटीने जायला लागल्या.

तुमच्याकडे येण्याआधी तीन गॅरेज झाली होती. एकाने एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. दुसऱ्याने ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा वॉल्व्ह) साफ केला, हवा मोजणारा सेन्सर नवा घातला. तिसऱ्याने स्कॅनर लावून पी०२९९ असा कोड दाखवला आणि निकाल दिला: टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गेला; बावन्न हजार. कोड खरा होता. पण त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोने जेवढा दाब तयार व्हायला हवा तेवढा होत नाहीये. का होत नाहीये, ते कोड सांगत नाही. हे मला तुमच्याकडे कळलं. तोवर एफडी मोडायचा फॉर्म भरून पर्समध्ये ठेवला होता.

तुम्ही बॉनेटसुद्धा न उघडता चावी फिरवलीत, इंजिन बंदच ठेवलंत आणि स्कॅनरवरचा आकडा मला वाचायला लावलात. ९३ किलोपास्कल. "ताई, वाईत हवेचा दाब एवढाच. वर पाचगणीला शहाऐंशी-सत्त्याऐंशी दाखवंल. म्हंजे दाबाचा सेन्सर खोटं बोलत न्हाई." मग मला गाडी चालवायला लावून तुम्ही शेजारी आकडा बघत बसलात. चढाला पूर्ण रेस दिल्यावर तो दोनशेच्या आसपास जायला हवा होता, १४० च्या पुढे हलेना. परत आल्यावर टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढलात, आतलं चक्र दोन बोटांत धरून हलवून पाहिलंत. खेळ नाही, पाती शाबूत. "टर्बो ठणठणीत हाय. हवा करतोय, ती वाटंत कुठं तरी सांडतेय."

पुढचा प्रकार मी शाळेत रंगवून सांगते. पीव्हीसी पाईपचं टोपण, त्याला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह! ते टर्बोच्या तोंडाला क्लिपने आवळलंत, ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ टर्बोकडे नेणारा, पाईप काढून टर्बोकडच्या भोकाला बूच मारलंत (नाहीतर दाब इंजिनच्या पोटात शिरून ऑइल सील उडतील म्हणालात) आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने एक बारपर्यंत हवा भरलीत. मग शाम्पूच्या पुडीचं पाणी प्रत्येक जोडावर. मला फुस्स ऐकू आलं आणि मी ओरडलेच, "सापडलं!" तुम्ही हसलात. ती पिस्टनच्या रिंगांमधून जाणारी हवा. ती थोडी जायचीच. जोडांवर मात्र एक फुगा येईना. टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर कोरडा, क्लिपा घट्ट.

अंधार पडल्यावर तुम्ही हात पुसत म्हणालात, "आज न्हाई सापडलं. पैसं ऱ्हाऊ द्या. उद्या शाळा सुटली की अर्धा घाट चढा आन् गाडी तशीच गरम घिऊन या."

मेस्त्री, हे पत्र खरं म्हणजे या तीन वाक्यांसाठी आहे. त्याआधीच्या तीन ठिकाणी सगळ्यांना सगळं सापडलं होतं आणि प्रत्येकाचं बिल मी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गरम गाडी. पुन्हा टोपण, पुन्हा हवा, पुन्हा काही नाही. तेव्हा तुम्ही मुलाला पहार आणायला सांगितलीत, इंजिनखाली लाकूड देऊन अख्खं इंजिन रेटलंत, आणि मला आरसा व टॉर्च धरायला लावलंत. इंटरकूलरकडून वर येणाऱ्या रबरी होजच्या पोटाखाली, क्लिपच्या अगदी कडेला, दूध उतू जावं तसा फेस आला. पहार सोडली की फेस बंद. रेटली की पुन्हा. तुम्ही माझं बोट धरून तिथे फिरवलंत: नखभर चीर, भोवती तेल आणि धूळ मिळून झालेला चिकट काळा पट्टा. वरून बघून जन्मात दिसला नसता.

आणि तरी तुम्ही थांबला नाहीत. होज तिथेच का फाटला, म्हणून इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरी बैठक, बघितलंत. त्याचं रबर फाटलेलं. घाटात रेस दिली की इंजिन एका अंगाला झुकायचं, होज ताणायचं, चीर उघडायची. उभ्या गाडीत ती मिटून गप्प. नुसता होज घातला असता तर तोही पुन्हा फाटलाच असता.

काळ्या धुराचं कोडंही तेव्हाच सुटलं. फिल्टरपाशी सेन्सर हवा मोजतो, त्या हिशेबाने कॉम्प्युटर डिझेल सोडतो, पण मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही. डिझेल अर्धवट जळतं. सांडलेली हवा भरून काढायला टर्बो आणखी जोरात पळतो. आधीच मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारं ते चक्र, असंच पळत राहिलं असतं तर "टर्बो गेला" हे भाकीत कधीतरी खरंही ठरलं असतं. आणि बावन्न हजारांचा नवा टर्बोही त्याच फाटक्या होजमधून हवा सांडत बसला असता.

होज ९५०, फाउंडेशन १,८००, मजुरी ६००. पहिल्या दिवसाचे तुम्ही घेतलेच नाहीत, यावर माझं आणि तुमचं भांडण अजून मिटलेलं नाही. ट्रायल घेताना चढावर आकडा १९८ ला गेला, तेव्हा मी मुलांच्या निकालाला वाजवते तशा टाळ्या वाजवल्या. तुम्ही नुसतं "ह्म्म" केलंत.

दोघी बाई परत येऊ लागल्या आहेत. आता पुढच्या सीटवरून वाद असतो.

जाता जाता एक. तुमचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा माझ्या डिकीत राहिला आहे. तुम्ही तो शोधत असाल. शनिवारी सकाळची शाळा आहे, साडेअकराला घेऊन येते. स्ट्रॉबेरी जॅमच्या दोन बाटल्याही आणतेय, त्या तरी परत करू नका.

आपली,
घाटातली पांढऱ्या गाडीची बाई