"कमाईला मर्यादा नाही" म्हणजे पगार नाही, असं सरळ छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर दर आठवड्याला एक तरी जाहिरात असतेच, "घरोघरी फिरून ऑर्डर आणणारी मुलं-मुली पाहिजेत, कमाईला मर्यादा नाही". मी खिडक्यांच्या काचा साफ करायचा धंदा करतो आणि अशी जाहिरात मी स्वतः तीनदा दिलेली आहे, त्यामुळे हे पत्र म्हणजे आधी स्वतःचेच कान धरणं आहे. कमाईला वरची मर्यादा नाही हे आपण ठळक छापतो, खालची पण काढून टाकलीय हे छापत नाही.

आमच्या धंद्याला दार वाजवणारी माणसं लागतातच, त्याला इलाज नाही. सकाळी उठून "आज काचवाल्याला फोन करू" असं कुणाच्या मनात येत नाही, ऊन तिरपं पडून काचेवरचे ओघळ दिसले की तेवढ्यापुरतं वाटतं आणि मग विसरायला होतं. उलट काच मळलेली आहे हे रस्त्यावरून दिसतं. म्हणजे दारात उभा राहिलेला पोरगा बोट दाखवून सांगू शकतो की काका ती वरची बघा. विमा विकणाऱ्याला ही सोय नाही.

तर सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं, बुकिंगमागे कमिशन, बाकी काही नाही. डोक्यात हिशोब असा की काम आलं तर पैसे, नाही आलं तर आपलं काय जातंय. बरंच जातं. समजा एक काम 100 चं धरलं आणि बुकिंगला 20 टक्के कबूल केले. पोराने आठवड्यात 10 बुकिंग आणली, शनिवारी तुम्ही त्याला 200 मोजले, पाठही थोपटली. पुढच्या आठवड्यात त्यातली 4 कॅन्सल, कुणी फोनच उचलत नाही, कुणी म्हणतं मी फक्त "बघू" म्हटलं होतं, आणि हातात राहिली 6 कामं म्हणजे 600. त्यातले 200 गेले, म्हणजे 20 टक्के म्हणता म्हणता 33 टक्के झाले, वर गाडी रिकामी फिरली ती वेगळीच. मग कापून घ्यायला जावं तर पोरगा नोकरी सोडून गेलेला किंवा पुढची उचल मागत उभा.

आणि यात पोराचं चुकलं असं मला आता वाटत नाही. मी त्याला बुकिंगचे पैसे देत होतो, त्याने बुकिंग आणली. काच साफ व्हावी याचे पैसे त्याला कुणी दिलेच नव्हते!

एक प्रसंग सांगतो. एका घरी काम करून आम्ही सामान आवरत होतो, आजी बाहेर आल्या, काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अहो हे पांढरे ठिपके तसेच आहेत की, तुमचा मुलगा तर म्हणाला होता सगळं जाईल." ते क्षाराचे डाग. जड पाणी काचेवर उडून वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात, नवे असतील तर सौम्य ॲसिडने निघतात, वर्षानुवर्षं बसले की काचेलाच खातात आणि मग नुसतं धुऊन काही होत नाही, सेरियम ऑक्साइड म्हणजे काच घासायची बारीक पूड लावून काच घासायला लागते, ते काम वेगळं आणि त्याचा भावही वेगळा. हे त्या पोराला माहीत नव्हतं कारण मी सांगितलंच नव्हतं. वर आजी म्हणाल्या की तो म्हणाला खास केमिकल वापरतात, तुम्ही तर नुसतं पाणी मारलंत. आता आमच्या लांब काठीला ब्रश असतो आणि त्यातून क्षार काढलेलं पाणी येतं, ते वाळलं तरी ठिपका राहत नाही म्हणून पुसायची गरज पडत नाही, हीच तर आमची खासियत आहे, पण पोराने केमिकल सांगून ठेवल्यावर दारात उभं राहून शुद्ध पाण्याचं महत्त्व कोण ऐकणार. पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही. त्याचं कमिशन मात्र शनिवारीच देऊन झालं होतं.

आता दुसरी बाजू. त्याच सुमारास एक मुलगी होती, जेमतेम बोलायची, त्या पोराच्या निम्मीसुद्धा बुकिंग आणत नव्हती. पण तिच्या वहीत प्रत्येक घरापुढे लिहिलेलं असायचं, मागच्या बाजूला झाड आहे शिडी लावता येणार नाही, कुत्रं बांधायला सांगायचं, बाई दुपारी 3 नंतरच घरी असतात, जिन्यातली खिडकी लहान लहान 12 काचांची आहे. ही शेवटची गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण 12 काचांची एक खिडकी म्हणजे 12 वेळा वायपर लावायचा आणि 48 कडा पुसायच्या, आणि बाकीची पोरं ती "एक खिडकी" म्हणून भाव सांगून मोकळी. तिचं एक काम कॅन्सल झालेलं मला आठवत नाही. दोन महिन्यांनी ती सोडून गेली कारण माझ्या पद्धतीत तिला सगळ्यात कमी पैसे मिळत होते, आणि मी तिला थांबवलंही नाही, कारण मीही आकडेच बघत होतो. नंतर जेव्हा वर्षभराचा हिशोब मांडला तेव्हा परत परत बोलावणारी गिऱ्हाइकं बरीचशी तिच्याच वहीतली निघाली. चरफडण्याशिवाय काय करणार.

मग मी उलट्या टोकाला गेलो, सरळ तासाचे पैसे, कमिशन बंद. पहिले पंधरा दिवस छान गेले. नंतर शीटवर "घरी कोणी नाही" ची रांगच लागायला लागली, एका दुपारी सहज तिकडून गेलो तर दोघं सावलीत बसून मोबाईल बघत शीट भरत होते, ओळीने 30 घरं, एकाही घरात माणूस नाही! रागावलो, पण खरं सांगू का, दार वाजवून दिवसभर नाही नाही ऐकणं हे सोपं काम नाही, स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी केलंय. चौथ्या-पाचव्या दारानंतर बेल वाजवायला हात उचलत नाही.

तर आता जे चाललंय ते असं. तासाचा पगार पक्का, किमान वेतनाच्या खाली नाही, बुकिंग येवो न येवो, पावसाने अर्ध्यात परतावं लागलं तरी त्या दिवसाचे ठरलेले तास धरतो. त्यावर कमिशन आहे, पण ते बुकिंगवर नाही, काम होऊन गिऱ्हाइकाने पैसे दिले की मग. आणि त्याच घराने 6 महिन्यांत परत बोलावलं तर त्यातलाही थोडा वाटा त्याच मुलाला, तो तेव्हा माझ्याकडे नोकरीला असो नसो. या शेवटच्या कलमावर माझा भाऊ मला वेड्यात काढतो, पण यामुळे पोरं दारात खोटं बोलायचं बंद झाली हे त्यालाही कबूल आहे. कामानंतर कमिशन ठेवण्याचं आणखी एक कारण, दारावर घाईत झालेला सौदा माणसाला रात्री नकोसा वाटू शकतो. अमेरिकेत अशा बऱ्याच सौद्यांतून 3 कामाच्या दिवसांत मागे फिरता येतं, युरोपात साधारणपणे 14 दिवस मिळतात, कायद्यालाच ते मान्य आहे. मग आपण पहिल्याच दिवशी कमिशन कशाला वाटायचं?

कायद्याचं निघालं म्हणून सांगतो, याच अमेरिकेत 1938 च्या वेतन कायद्याने बाहेर फिरून विक्री करणाऱ्याला किमान वेतनातून वगळलं, अजूनही वगळलेलं आहे. पण जो नुसतं बोलून ठेवतो आणि सौदा दुसराच कुणी पक्का करतो तो त्या सवलतीत बसत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांची पोरं नेमकी हेच करतात, दारावर नाव-नंबर घेतात, भाव मालक नंतर फोनवर ठरवतो, आणि तरी त्यांना "सेल्समन" म्हणून बिनपगारी फिरवतात. तिकडचा कायदा इकडे लागू नाही हे मला कळतं, पण हा फरक कुणीतरी बसून विचार करून काढलाय एवढंच म्हणायचंय.

नोकरीला घेताना आता मी बोलघेवडा बघत नाही. पहिला आठवडा त्याला दार वाजवू देतच नाही, हातात वायपर देऊन टीमबरोबर पाठवतो, पूर्ण पगारी. हे "तीन दिवस ट्रायल, पसंत पडलात तर पुढे" म्हणून फुकट राबवून घेतात ना, त्याला माझ्या भाषेत चोरी म्हणतात. त्या आठवड्यात त्याला काचा मोजता येतात, क्षाराचा डाग ओळखता येतो, आणि दुसऱ्या मजल्यावर शिडी लावताना पोटात गोळा येतो तोही कळतो, मग तो दारात उभा राहून "अर्ध्या तासात होईल" असं फेकत नाही. आमचा वायपर म्हणजे हँडलमध्ये एक रबराची पट्टी, 1930 च्या दशकात एत्तोरे स्तेक्कोने नावाच्या एका काच पुसणाऱ्यानेच हा घाट रूढ केला, आजही तोच आहे. हत्यारात काही वाचवण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून वाचवायचं म्हटलं की मालकाचा हात पोरांच्या पगाराकडे जातो, दुसरं काय.

वाचकांनाही एक सांगायचंय. दारावर आलेल्याला नको असेल तर सरळ नको म्हणा, त्याचं काही बिघडत नाही, "उद्या या" म्हणू नका, तो खरंच येतो. त्याच्याकडे ओळखपत्र आहे का, मालकाचा नंबर आहे का ते विचारा. अंधार पडल्यावर आला तर दार उघडू नका. "घरी कधी कोणी नसतं" असं कुणी विचारलं तर बिलकुल सांगू नका, आमच्या मुलांना तो प्रश्न विचारायची बंदी आहे, "कुठली वेळ सोयीची" एवढंच विचारायचं. मुलांच्या वहीत कुठल्या घरात कोण कधी असतं ते सगळं असतं, म्हणून त्या वह्या रोज संध्याकाळी ऑफिसात जमा होतात. बिनपगारी पोरगा तिसऱ्या दिवशी गायब होतो तेव्हा ती वही पण त्याच्याबरोबर जाते, याचा विचार किती मालक करतात कोण जाणे.

आता तुमच्याकडे मागणं. जाहिरात घेताना फॉर्मवर एक रकाना वाढवा, ठरावीक पगार आहे की नाही, असेल तर किती, आणि तो भरल्याशिवाय जाहिरात घेऊ नका. जाहिराती कमी होतील म्हणाल तर माझी धरून ठेवा, सोबत जोडली आहे, दोन जागा आहेत. मागच्या वेळी जागा कमी पडली म्हणून तुमच्या लोकांनी माझ्या जाहिरातीतली पगाराची ओळ कापली होती आणि मग ज्या 20-25 मुलांचे फोन आले त्यातल्या प्रत्येकाने पहिलं हेच विचारलं, "पगार आहे का नुसतं कमिशन?" या वेळी कापायचीच वेळ आली तर माझं नाव कापा.

आपला,
एक काचवाला
(पत्राखाली नाव छापू नये, पोरं चिडवतात)