होल्डमध्ये काय होते, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्रात नाहीशा झालेल्या जहाजांवर आणि विमानांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. मी ते आवर्जून वाचतो आणि दर वेळी एकाच गोष्टीशी अडखळतो. जहाज कुठे नाहीसे झाले, हे नकाशासकट दिलेले असते. जहाजात काय भरले होते, याचा उल्लेखही नसतो. मी मालवाहू जहाजांवर चीफ ऑफिसर होतो. माल नीट भरला की नाही, हे बघण्याची जबाबदारी त्याचीच. म्हणून हे पत्र.

'सायक्लॉप्स'चेच घ्या. अमेरिकी नौदलाचे हे जहाज मार्च १९१८ मध्ये ३०६ माणसांसह नाहीसे झाले. बर्म्युडा त्रिकोणावरचा लेख त्याच्याशिवाय पुरा होत नाही. ते बांधले होते कोळसा वाहायला. त्या फेरीत मात्र त्यात ब्राझीलमध्ये भरलेले १० हजार टनांहून अधिक मँगनीजचे खनिज होते आणि दोनपैकी एक इंजिन निकामी झाले होते. खनिज कोळशापेक्षा कितीतरी जड. होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातला माल भरायचा कप्पा, डोळ्यांना रिकामा दिसतो, पण जहाज पाण्यात खोल बसलेले असते. त्याच धाटणीची 'प्रोटियस' आणि 'नेरियस' ही जहाजे १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचे खनिज) घेऊन निघाली आणि तशीच बेपत्ता झाली. सायक्लॉप्सचा सांगाडा सापडलेला नाही, त्यामुळे शेवटचा निकाल देता येत नाही. पण एकाच धाटणीची तीन जहाजे आणि तिन्हींत खनिज, हे वाचकाला सांगायला नको का?

खनिज ओले असले तर धोका आणखी वाढतो. बारीक खनिज वरून कोरडे, घट्ट दिसते. जहाज हलत राहिले की कणांमधले पाणी सुटते आणि होल्डमधल्या ढिगाचा चिखल होतो. तो एका कुशीला सरकला की परत येत नाही. हे ओळखायची साधी चाचणी आहे. पत्र्याचा डबा नमुन्याने अर्धा भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण जमिनीवर २५ वेळा आपटायचा. एकदा एका बंदरात मी तो आपटत होतो. विसाव्या-एकविसाव्या ठोक्याला वरचा कोरडा थर चकाकू लागला, बोट लावले तर ओले झाले. माल पाठवणाऱ्यांचा माणूस शेजारीच घड्याळ बघत उभा होता, सही करा म्हणून मागे लागला होता. कॅप्टनने भरणा थांबवला. त्या डब्यातली चकाकी मी आजही विसरलेलो नाही. जानेवारी २०१५ मध्ये 'बल्क ज्युपिटर' हे जहाज मलेशियाहून ४६ हजार टन बॉक्साइट घेऊन निघाले आणि व्हिएतनामजवळ बुडाले. १९ खलाशांपैकी एकच वाचला. चौकशीने बोट ठेवले ते ओल्या मालावर. असे जहाज कलंडते तेव्हा संदेश पाठवायलाही अनेकदा पुरेशी उसंत मिळत नाही.

१८७२ मध्ये भर समुद्रात निर्मनुष्य सापडलेल्या 'मेरी सेलेस्ट' या जहाजावर मद्यार्काची १,७०१ पिंपे होती, त्यांतली नऊ रिकामी निघाली. वाफेचा भडका उडेल या भीतीने दहाही जण घाईने होडीत उतरले असावेत, हा तर्क मला पटतो. समुद्रतळातून उसळणारा मिथेन वायू जहाजे बुडवतो, ही कथा मात्र सोडून द्यावी. गेल्या १५ हजार वर्षांत त्या त्रिकोणात वायूचा तसा मोठा उद्रेक झालेला नाही, असे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनेच सांगितले आहे.

विमानांचेही तसेच. ५ डिसेंबर १९४५ रोजी फ्लोरिडाहून सरावाला निघालेली पाच विमाने परतली नाहीत. होकायंत्रे बिघडल्याचे म्होरक्याने कळवले होते, खालची बेटे त्याने भलतीच समजली, अंधार पडला, समुद्र खवळलेला आणि इंधन मोजके. त्यांना शोधायला गेलेले विमानही नाहीसे झाले, असे लिहितात. पण एका तेलवाहू जहाजाने ज्वाळा आणि पाण्यावरचे तेल पाहिले होते, हे गाळतात. त्या जातीच्या विमानांत इंधनाची वाफ साचते, हे वैमानिकांना ठाऊक होते.

मला सर्वांत जास्त लागते ती 'डर्बीशायर'ची गोष्ट. अवघे चार वर्षांचे हे अवाढव्य ब्रिटिश जहाज लोहखनिज घेऊन जात असताना सप्टेंबर १९८० मध्ये जपानजवळच्या वादळात ४४ जणांसह बुडाले. मदतीची हाकही आली नाही. पहिल्या चौकशीने निसर्गापुढे इलाज नाही, अशा अर्थाचा निष्कर्ष काढला आणि फाइल मिटली. घरची माणसे गप्प बसली नाहीत. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पैसे दिले आणि १९९४ मध्ये चार किलोमीटर खोल पाण्यात सांगाडा सापडला. मग हजारो छायाचित्रे घेतली गेली. तरीही एका अहवालाने, खलाशांनी नाळेवरचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचे, झाकण नीट बंद केले नव्हते, असे म्हणून दोष मेलेल्यांच्याच माथी मारला. अखेर २००० मध्ये खरे कारण पुढे आले. लाटांनी नाळेवरच्या हवेच्या नळ्या तुटल्या, तिथून पाणी आत शिरत राहिले, नाळ खाली गेली आणि पहिल्या हॅचचे, म्हणजे होल्डच्या तोंडाचे, झाकण लाटेखाली चेपले. मग दुसरे, मग तिसरे. खलाशी निर्दोष ठरले. वीस वर्षे त्यांच्या बायकामुलांनी ज्यासाठी काढली, ते हे एक वाक्य. त्यानंतर हॅचच्या झाकणांचे नियमही कडक झाले.

त्या २० वर्षांत हे जहाज 'गूढ' म्हणून खुशाल खपवता आले असते.

माझी एक विनंती आहे. पुढचा असा लेख छापाल तेव्हा नकाशाशेजारी एक छोटी चौकट द्या : माल कोणता, किती टन, जहाज किती वर्षांचे, त्या दिवशीचे हवामान काय आणि सांगाडा शोधला गेला का. माहिती मिळाली नाही तर ती जागा कोरी छापा.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर