ताई, ट्रायआउटच्या आधी तुम्ही भेटलात ते बरं झालं

प्रिय ताई,

मुलांच्या लॅक्रॉसच्या (टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) ट्रायआउटचा, म्हणजे क्लबांच्या निवड चाचण्यांचा, मोसम आटोपला, क्लबांच्या ऑफर येऊन गेल्या, डिपॉझिटंही भरून झाली. एकेकट्याने मेसेज टाकण्यापेक्षा सगळ्या पालकांनी मिळून तुम्हाला उघड पत्र लिहावं असं ठरलं. आभार तर मानायचेच आहेत. शिवाय तुम्ही सांगितलेलं पुढच्या वर्षी येणाऱ्या घरांना आयतं वाचायला मिळेल.

सगळ्यात आधी तुम्ही आमची नजर गोलवरून काढून जमिनीवर आणलीत. ट्रायआउटला प्रत्येकाच्या पिनीवर, म्हणजे वरून घातलेल्या सैल बनियनवर, नंबर असतो आणि क्लिपबोर्ड घेतलेली मंडळी त्या नंबरापुढे खुणा करतात. कच्च्या बचावासमोर मारलेल्या गोलने त्यांना फारसं काही कळत नाही. सुटा चेंडू कोण उचलतो, यावरून मात्र बरंच कळतं. क्रिकेट बघून वाढलेल्या पालकांचा सल्ला इथे हमखास चुकतो. तिकडे घरंगळत येणाऱ्या चेंडूच्या मागे बसून तो अडवायचा असतो, इथे थांबला त्याच्या हातावर काठी बसते. मागचा हात जवळपास जमिनीला टेकेल इतका खाली हवा, काठी आडवी, पाऊल चेंडूच्या शेजारी, आणि स्कूप (जाळीच्या डोक्याची पुढची कड) चेंडूच्या वीतभर आधीच जमिनीला लागलेला. चेंडू आत आला की काठी कानाशी घ्यायची आणि न थांबता चार-पाच पावलं पळत निघायचं. मागचा हात वर राहिला की स्कूप चेंडूला नुसता पुढे ढकलतो आणि मूल त्याच्यामागे धावत सुटतं. काठीचं टोक पोटासमोर धरलं तर जाळीचं डोकं जमिनीत रुतताच ते टोक पोटात बसतं, म्हणून काठी कुशीच्या बाजूला. हे तुम्ही प्रत्येक मुलाचं कोपर धरून दाखवलंत.

वॉल बॉलचंही, म्हणजे भिंतीवर चेंडू फेकून झेलण्याच्या सरावाचंही, तसंच. ‘रोज भिंतीवर खेळ’ एवढं कोणीही सांगतं. तुम्ही अंतर सांगितलंत: भिंतीपासून चार-पाच यार्ड. डोक्याच्या उंचीवर खडूने चौकोन काढायचा. ऑफ हँडचे, म्हणजे कमी सवयीच्या हाताचे, पन्नास आधी, दम असताना, मग सरावाच्या हाताचे पन्नास. त्यानंतर पंचवीस-पंचवीस क्विक स्टिक (झेलताच न थांबता फेक) आणि हात बदलत. पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. वरच्या हाताचं कोपर छातीला चिकटलं की फेक ढकलल्यासारखी होते, तेव्हा कोपर अंगापासून सुटं हवं. झेलताना काठी पुढे जाऊन चेंडूला भिडता कामा नये, कानाच्या मागे मऊ सरकली पाहिजे. ट्रायआउटच्या लाइन ड्रिलमध्ये कोच ‘आता डावा’ म्हणतात तेव्हा वळसा घालून पुन्हा उजव्यावर येणारी मुलं लगेच टिपली जातात. जुना, गुळगुळीत झालेला चेंडू सरावाला घेऊ नका, तो जाळीतून वेगळाच सुटतो, ही बारीकशी गोष्टही तुमचीच.

काठीबद्दल तुम्ही जवळजवळ दम भरलात, आणि बरोबर केलंत. ट्रायआउटच्या आठवड्यात नवी काठी नको आणि नवं स्ट्रिंगिंग (जाळी नव्याने बांधणं) तर नकोच. फेक जमिनीत जात असेल तर व्हिप (सुटताना जाळीने चेंडूला खाली ओढणं) जास्त आहे: वरची शूटिंग स्ट्रिंग, म्हणजे जाळीत वरच्या भागात आडवी ओवलेली दोरी, थोडी सैल करायची, पॉकेट (जाळीचा झोळ) खोल असेल तर कमी करायचं. फेक डोक्यावरून जात असेल तर याच्या उलट. एका वेळी एकच दोरी, मग दहा फेकी, मग पुढची. नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. सॉफ्ट मेश, म्हणजे मऊ जाळी, पावसात भिजली की पॉकेट खाली येतं, म्हणून मैदानावर उतरण्याआधी पुन्हा बघायचं. मुलग्यांच्या काठीत चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या (काठीच्या डोक्याची बाजूची भिंत) खालच्या कडेच्या खाली गेला की काठी बेकायदा. मुलींच्या काठीत तो साइडवॉलच्या वर दिसलाच पाहिजे. मोठ्या मुलाची काठी धाकट्या बहिणीला देऊन भागेल असं समजणारी घरं यामुळे वेळीच सावध झाली.

एका गोष्टीसाठी विशेष आभार. मुलग्यांच्या शोल्डर पॅडवर एनडी-200 ही नॉक्सीची (क्रीडासाहित्याच्या सुरक्षेची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) खूण बघा, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत. चेंडू भरीव रबराचा, 5 औंसांच्या वर वजनाचा. तो छातीवर नेमक्या क्षणी बसला तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून 2022 पासून मैदानी खेळाडूंनाही या मानकाचं संरक्षण बंधनकारक झालं. ही खूण नसलेले पॅड दिसायला कितीही धड असले तरी चालत नाहीत. हेल्मेट डोकं जोरात हलवल्यावर कपाळावर सरकता कामा नये. मुलींना गॉगल आणि माउथगार्ड. माउथगार्ड रंगीत घ्यावा, पारदर्शक नको.

प्रत्यक्ष ट्रायआउटमध्ये चेंडू हातात नसतानाच मूल जास्त दिसतं, हे सांगून तुम्ही ‘चेंडू मागत राहा’ हा आमचा धोशा बंद केलात. चेंडू गेला की परत धावतो का, बचावात ‘बॉल’, ‘हेल्प’ असं मोठ्याने बोलतो का, पास दिल्यावर जागा सोडतो की तिथेच पुतळा होतो. मुलींच्या बाजूला गोलसमोरच्या आठ मीटरच्या कमानीत बचाव करताना जवळ कोणी प्रतिस्पर्धी नसताना तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहणं हा फाउल असतो. आक्रमणात खेळणाऱ्या मुलींनाही बचावाचा हा नियम माहीत हवा, कारण ट्रायआउटमध्ये कुणालाही कुठेही उभं करतात.

आणि क्लब! इथे तुमची प्रश्नांची यादी नसती तर आम्ही जर्सी बघून निवड केली असती. ऑफर आली की उत्तराला एक-दोन दिवसच मिळतात, म्हणून प्रश्न ट्रायआउटच्या आधी विचारायचे, हे त्यातलं मर्म. पहिला प्रश्न संघात किती मुलं घेणार, आणि तेही जागेनुसार. मुलग्यांचे मैदानावर 10: तीन अटॅक, तीन मिडफिल्ड, तीन डिफेन्स, एक गोली (गोलरक्षक). मिडफिल्डची तिकडी सतत बदलते, तिथे नऊ मुलंही खेळतात. अटॅकवर सात घेतले तर मात्र निम्म्यांना बराच वेळ बसावं लागणार. त्यात उन्हाळी स्पर्धांत घड्याळ सहसा थांबत नाही. दुसरा प्रश्न सरावाला येणारा कोचच स्पर्धेला येणार का. वेबसाइटवर फोटो असतो डायरेक्टरचा आणि ‘बी’ संघ सांभाळतो भलताच कोणी. म्हणून एक सराव कुंपणाबाहेरून बघावा: मुलं रांगेत किती वेळ उभी आहेत, चुकलेल्याला कोच काय सांगतो.

पैशांबाबत तुमचा कोष्टकाचा हट्ट फार उपयोगी पडला. क्लबची फी, युनिफॉर्म, स्पर्धा फीत धरल्या आहेत की वेगळ्या, प्रवास, हॉटेल. काही स्पर्धांत ‘स्टे टू प्ले’ असतं, म्हणजे आयोजकांच्याच यादीतलं हॉटेल घ्यावं लागतं. त्यामुळे नातेवाइकांकडे उतरून पैसे वाचवण्याचा बेत फसतो. मूल जखमी झालं तर परतावा मिळतो का, हे तोंडी नको, लेखी घ्या. दुसरा खेळ खेळायला मोकळीक आहे का, कोचांची पार्श्वभूमी तपासली आहे का, सेफस्पोर्टचं (मुलांना छळापासून जपण्याचं) प्रशिक्षण झालंय का, यूएसए लॅक्रॉस या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व लागतं का, कारण त्यासोबत विमा येतो.

अकरा वर्षांच्या मुलाच्या पालकांना कॉलेज रिक्रूटिंगची (कॉलेजच्या संघात निवड होण्याची) स्वप्नं दाखवणाऱ्या क्लबांपासून चार हात लांब राहा, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संस्थेच्या डिव्हिजन वन, म्हणजे सर्वात वरच्या गटाच्या, नियमांनुसार कॉलेजचे कोच अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी मुलांशी रिक्रूटिंगचं बोलूच शकत नाहीत, हे कळल्यावर अर्ध्या माहितीपत्रकांची हवाच गेली.

नकार कसा कळवायचा तेही तुम्ही शिकवलंत: दोन ओळी, त्याच दिवशी, म्हणजे वेटलिस्टवरच्या मुलाला जागा मिळते. त्या दोन ओळी यंदा बऱ्याच घरांतून गेल्या.

आता एक मागणी. यादीत गोलीसाठी वेगळं पान नाही. क्लबकडे गोलीचा वेगळा कोच आहे का, संघात दोन गोली असतील तर खेळ कसा वाटून देतात, ट्रायआउटला वॉर्मअपचे शॉट कोण मारतं, गोलीच्या फीत सवलत आहे का, एवढं तरी त्यात हवं. पान तुम्ही सांगा, टाइप आम्ही करतो.

तुमचे,
साइडलाइनवर खुर्च्या टाकून बसणारे पालक